ब्लॉक ७ ला काय म्हणायचं

२३ सप्टेंबर, धुळे

ग्रा.पं.ची हरकत आली, आमच्या जमीनवापर नकाशातल्या एका तुकड्यावर. ब्लॉक ७. दोन पानं, हातानं लिहिलेली. सह्या आणि अंगठेच पाऊण पान. मुद्द्याचं वाक्य एक : "सदर क्षेत्र पडीक नसून गावाने राखलेले कुरण आहे."

पराग सरांनी (आमच्या नकाशा प्रकल्पाचे प्रमुख) वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "टेबलावरच तपास. तीन ओळींचं उत्तर कर. स्थळपाहणीत क्षेत्र पडीक आढळले, एवढं पुरे."

पाहणी कोणी केली होती, ते त्यांनी विचारलं नाही. मी फॉर्म उघडला. तारीख १९ एप्रिल. वर्ग : पडीक. पाहणी करणाऱ्याचं नाव : माझं.

अंतिम अहवाल १८ नोव्हें. तोवर ब्लॉक पडीक राहिला तर सोलर प्रकल्पाच्या पट्ट्यात जाणार. नाही राहिला तर वगळावा लागणार. मधलं काही नाही.

तीन ओळी लिहिल्या नाहीत आज.


२४ सप्टेंबर

एप्रिलचे फोटो पाहिले. चौदा आहेत. सगळ्यांत तेच : तांबूस माती, दगड, गुरांच्या खुरांचे ठसे, लांबवर दोन बाभळी. गवत म्हणावं असं काही नाही. मी दिसलं ते लिहिलं. इतकंच स्वतःशी म्हणता येईल.

पण फोटो ११ मध्ये जमिनीलगत बारीक खुंट आहेत. दाट. एका उंचीचे. गुरं चरून गेली तर खुंट एका उंचीचे राहत नाहीत. हे विळ्याचं काम.

फोटो ३, ६, १४ मध्ये चुना लावलेले दगड. तेव्हा मी ते मोजणीचे असतील असं धरलं आणि पुढे गेले. त्या दिवशी पाच ब्लॉक संपवायचे होते. हे कारण आहे, समर्थन नाही.


२७ सप्टेंबर

दुपारी सातबारा काढून पाहिला. तिथे ते ‘गायरान’. मालक सरकार, वापर गुरचरण. हरकतीत ‘कुरण’. माझ्या फॉर्मवर ‘पडीक’. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर चहाच्या टपरीवाल्याला सहज विचारलं, त्या गावाकडे जाताना उजव्या हाताला काय लागतं? तो म्हणाला, "काही नाही. माळ आहे नुसता." शेजारी उभा असलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला, "माळ कसला, बरड आहे ते. नांगर लावला तर फाळ मोडतो."

जमीन एकच. पाच शब्द.

बसून विचार केला. माळ म्हणणारा ती कशी दिसते ते सांगतो. उघडी, जरा उंच. बरड म्हणणारा मातीबद्दल बोलतो. गायरान हा कागदावरचा शब्द, ती कोणाच्या नावे आणि कशासाठी ते सांगणारा. कुरण म्हटलं की कोणीतरी ती राखतंय. आणि पडीक? त्यात जे आहे त्याबद्दल काहीच नाही. नांगर लागलेला नाही, एवढंच. म्हणजे मी एका जमिनीत काय नाही ते लिहून आले.

आमच्या फॉर्मवर यादीत पर्याय पाचच : शेती, वन, वस्ती, जलसाठा, पडीक. यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.


२९ सप्टेंबर, रविवार

एसटीनं गेले. कोणाला न सांगता. गावाचं नाव इथेही लिहीत नाही, सवय.

फाट्यावरून चालत वीस मिनिटं. आणि मग ते. कंबरेएवढं गवत. एप्रिलमधल्या माझ्या चौदा फोटोंवर कोणीतरी दुसरीच जमीन आणून ठेवावी तसं. मारवेल ओळखता आलं, पवन्याही. बाकी येत नाही. मध्ये पायवाटसुद्धा नाही. चारी बाजूंनी तेच चुन्याचे दगड, आणि शेळ्या दगडांच्या अलीकडे चरतायत. अलीकडेच. एकही पलीकडे नाही.

मला आतला एक बिंदू हवा होता. जीपीएस घेऊन चार पावलं आत गेले असेन.

"ए पोरी! भायेर नीघ! बंद शे कुरण."

साठीच्या पुढचे, धोतर, हातात काठी. गावानं नेमलेले राखणदार. त्यांच्या आधी वडील तेच करायचे. सगळे नाना म्हणतात. मी बाहेर आले. कपड्यांना कुसळं चिकटली होती ती काढत उभी राहिले.

"चुना लायेल दगड दखायना नही का तुले?"

मी ओळख सांगितली. नकाशाचं काम. एप्रिलमध्ये मीच आले होते हेही सांगितलं. सांगायची गरज नव्हती.

"म्हंजे ते पडीत लिखनारी तू!" त्यांनी काठी दगडाला टेकवली. "चैतमा उनी व्हती. चैतमा आम्ही ढोरं चारतस आठे. अरे, उन्हायामा मी बी उघडाच बसस वट्टावर. माले बी पडीत लिखशी का?"

मागे दोन बाया शेण गोळा करत होत्या, त्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले असेन. 

त्यांनी सांगितलेली रीत, जशी समजली तशी : पेरण्या आटोपल्या की कुरण बंद. गुरं नाहीत, माणूस नाही. गवताचं बी पिकून पडेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही. दिवाळी झाली की एक दिवस ठरतो, दोरीनं पट्टे पाडतात, घरटी एक पट्टा, सगळं गाव एका आठवड्यात कापतं. नंतर गुरांना खुलं, पेरणीपर्यंत.

म्हणजे मी आले तेव्हा त्याचं वर्षातलं सगळ्यात उघडं रूप होतं. आणि ते उघडं होतं कारण ते राखलेलं होतं.

निघताना नाना म्हणाले, "दंड शे."

"कसला?"

"आत गयी ना? बठ्ठासले सारखा शे. ढोर घुसनं ते मालकनी बांधना दगड लावाना एक दिवस. मानूस घुसना ते एक दिवस कापनीले. दिवायी झायी का ये. विळा मी देसू." म्हणजे दंड सगळ्यांना सारखाच, आणि माझा कापणीचा एक दिवस.

मग, चालता चालता : "आडनाव काय म्हनं तुन्हं?"

"मी जळगावची."

"जयगावमा आडनावं नही ऱ्हातस का?"

बस आली म्हणून सुटले.


४ ऑक्टोबर

जुन्या उपग्रह प्रतिमा काढल्या. सहा वर्षांच्या, दर पाच दिवसांच्या. ढगाळ सोडून दिल्या. हिरवेपणाचा आलेख केला.

सहाही वर्षं तीच आकृती. जुलैपासून चढ, सप्टें-ऑक्टो.ला माथा, मग हळूहळू पिवळेपणाचा उतार, आणि नोव्हेंबरात एका आठवड्यात कडा तुटल्यासारखी रेघ खाली. शेजारच्या खऱ्या बरडावर अशी कडा नाही. तिथे चढच नाही धड. नाना काठी घेऊन जे करतात ते आठशेक किमी वरून स्पष्ट दिसतं. मी मात्र जमिनीवर उभी राहून चुकले.

सरांना दाखवलं. त्यांनी आलेख नीट पाहिला. ते मूर्ख नाहीत, हेच अवघड आहे.

"काम चांगलं आहे. पण वर्ग काय देणार? यादीत कुरण नाही."

"यादीत घालावं लागेल."

"यादी आपली नाही, वरून आली आहे." आलेख माझ्याकडे सरकवत, "एक वर्ग वाढवला की सगळ्या जिल्ह्याचे ब्लॉक पुन्हा तपासायचे. कोण करणार? तू?"

मी म्हणाले, करीन.

"नोव्हेंबरात तू कायम होणार आहेस ना? सहज आठवलं," असं म्हणून ते जेवायला गेले. आवाज अजिबात चढवला नव्हता.


१३ ऑक्टोबर, जळगाव

दसऱ्याला घरी. काल सकाळी विहारात वंदना, दुपारी आत्याकडची पुरणपोळी, संध्याकाळी पप्पा आणि मी गच्चीवर. पप्पा आयटीआयमध्ये शिकवायचे, आता निवृत्त. त्यांना ब्लॉक ७ सांगितला. मी घरी कामाचं बोलत नाही, त्यामुळे त्यांनी टीव्हीचा रिमोट खाली ठेवला.

सगळं ऐकून म्हणाले, "त्या कुरणात आपल्या लोकांना पट्टा मिळतो का, विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

आमच्या घरात ‘गायरान’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय, पण गुरांच्या संदर्भात कधीच नाही. एरंडोलजवळ आजोबांनी दगड वेचून जो तुकडा पेरायला घेतला, तो म्हणजे गायरान. "गायरानात गेलेत" म्हणजे शेतात गेलेत. त्या तुकड्यावरच्या बाजरीवर पप्पा शिकले. नोटीस अजून येते, काकांच्या नावे. मला वाटायचं गायरान म्हणजे जे आपलं आहे पण कोणी मान्य करत नाही ते. शाळेत पुस्तकात ‘गायींना चरण्याचे रान’ असा अर्थ वाचला तेव्हा बाईंना विचारलं होतं, हे चुकीचं छापलंय का.

पप्पा : "कुरण राखतात म्हणतेस. कोणापासून राखतात, तेही बघ. गुरांपासूनच असेल असं नाही."

"तुम्ही म्हणताय पडीक राहू द्यावं?"

"मी कशाला म्हणू. तू शिकलीस. मी फक्त विचारलं."

पप्पा फक्त विचारतात. नेहमीच.


१५ ऑक्टोबर, धुळे

ब्लॉक ७ मोठा करून पाहिला. दक्षिण कडेला पाच चौकोन. तिरके, असमान, बांध हाताने घातलेले. आत ज्वारी असावी. एप्रिलमध्ये तेही उघडे होते, म्हणून मी त्यांच्यासकट सगळ्या ब्लॉकभोवती एक रेघ मारली होती.

आता हिशेब असा. पडीक ठेवलं तर कुरण आणि चौकोन दोन्ही सोलरला. सगळ्याला कुरण लिहिलं तर सोलर जाईल, पण ते पाच चौकोन राखीव गवतात घुसलेले ठरतील. माझ्याच कागदानं.

चुन्याचे दगड चौकोनांच्या कुठल्या बाजूला आहेत, प्रतिमेत दिसत नाही.


२० ऑक्टोबर, रविवार

पुन्हा गेले. या वेळी दक्षिणेकडून.

चौकोन पाच घरांचे. बौद्ध वस्तीतले. त्यातल्या एका वावरात अक्का भेटल्या, पन्नाशीच्या, एक म्हैस, तीन शेळ्या. ज्वारी राखत बांधावर बसल्या होत्या, हातात गोफण. मी नकाशा म्हटल्याबरोबर उठून उभ्या राहिल्या.

"मोजाले उनी का काढाले?"

मोजायला, मी म्हणाले.

"पहिले मोजतस, मंग काढतस. दोन्ही तुम्हीच करतस."

मी त्यांच्यासोबत बांधावर बसले. त्यांनी शेंगदाणे दिले. हळूहळू बोलल्या. जमीन सासऱ्यांनी फोडली. कागद नाही. सरकारी दंडाच्या पावत्या आहेत, त्या त्यांनी पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात, कारण त्यावर नाव आणि वर्ष आहे. दंड भरला तोच पुरावा. हे मला कळायला समजावून घ्यावं लागलं नाही.

कुरणात पट्टा मिळतो का, विचारलं.

"मियस ना. शेवटना. बठ्ठासना पट्टा दोरीवर पडतस, आमनं नाव दोरी सरनी का. तठे गवत थोडं, दगड बठ्ठा." मग हसून, "कापाले मात्र पहिले आम्हलेच बलावतस."

"मग कुरण राहिलं काय, गेलं काय, तुम्हाला..."

त्यांनी मला मध्येच तोडलं. "अशी कशी बोलस तू? मन्ही म्हैस काय काच खाई? कुरण ऱ्हावालेच पाह्यजे. आनि आमनं वावर बी ऱ्हावाले पाह्यजे. तू असं कर, रेघ येगयी काढ. ते कुरण, हाई वावर."

त्यांना मी सांगितलं की रेघ काढली तर ती दोन्हीकडे वापरता येते. लागवड जुनी आहे याचा पुरावा म्हणून, आणि कोणाला काढायचं याची यादी म्हणूनही.

"नकाशामा नही ते आम्ही आठे नहीच ना? मंग काढ."

निघताना त्या "जय भीम" म्हणाल्या. माझ्या तोंडून आपोआप उलट उत्तर गेलं. त्यांनी आश्चर्य दाखवलं नाही. बहुतेक पहिल्यापासून माहीत होतं. कशावरून, कोण जाणे.

वाटेत नाना दिसले, लांबून काठी वर केली. मीही हात वर केला. गवत आता पिवळं पडायला लागलंय.


२६ ऑक्टोबर

जुन्यात जुनी स्वच्छ प्रतिमा शोधली. मी सातवीत होते तेव्हाची. पाचही चौकोन आहेत. एक जरा लहान.

म्हणजे निदान तेव्हापासून लागवड आहे. त्याआधी काय होतं ते प्रतिमेवरून सांगता येत नाही. सांगता येत नाही एवढंच लिहायचं. नव्हतं असं लिहायचं नाही.


९ नोव्हेंबर, रात्री, धुळ्याच्या घरी, पण लिहितेय दिवसाचं

दंडाचा दिवस. सकाळी सातला कुरणावर. सगळं गाव. ट्रॅक्टर, बैलगाड्या, डबे, लहान मुलं. दोरी पडली तेव्हा मी हजर होते : सुताची जाड दोरी, ठरावीक अंतरावर गाठी, दोन माणसं दोन टोकांना, तिसरा गाठीगाठीला विळ्यानं गवतात खूण करतो. नाना नावं पुकारतात. कोणी कुरकुरलं तर दोरी पुन्हा टाकतात. एकदा टाकलीही. वाद दोन मिनिटांत संपला. आमच्या ऑफिसात एक सीमा बदलायला तीन ईमेल लागतात.

शेवटी दोरी संपली. उरलं ते दगडाळ टोक. नानांनी नाव न घेता तिकडे काठी दाखवली. पाच घरं तिकडे गेली.

मला नानांनी स्वतःच्या पट्ट्यात लावलं. विळा धरता येईना. "लिखानं सोपं शे, ना वं?" म्हणत त्यांच्या सूनबाईंनी मूठ कशी धरायची ते दाखवलं. दहापर्यंत पाठ गेली. तळहाताला दोन फोड. पेंढी बांधायला जमली, ती मी नीट बांधते असं त्या म्हणाल्या.

अकराच्या सुमारास सगळे सावलीला. नाना खुशीत होते. मला म्हणाले, "लिखी लीनं ना कुरण?"

मी म्हणाले, लिहितेय.

"बठ्ठं धर. ती वावरं बी कुरणमाच धर." काठी दक्षिणेकडे. "मन्हा बाप राखे तव्हय तठे बी कमरबर गवत व्हतं. यासनी फोडं. सोलर गया का मंग ते बी मोकयं करी लेसूत."

वावरंही मोकळी करून घेऊ, हे सहज म्हणाले. पाणी पिता पिता. राग नाही, काही नाही. चुन्याचा एक दगड पुढे सरकवावा तसं. 

मी म्हणाले, वावरं जुनी आहेत. माझ्याकडे प्रतिमा आहे.

"मन्हा बाप जास्ती जुना शे."

हे खोडता येत नाही. खोडायचा प्रयत्न केला नाही.

मग ते पुन्हा : "आडनाव काय म्हनं, पोरी? त्या दिशी बस ऊनी तुन्ही."

या वेळी बस नव्हती. मी पूर्ण नाव सांगितलं. नाव, पप्पांचं नाव, आडनाव. फॉर्मवर लिहितात त्या क्रमानं.

त्यांनी मान हलवली. "बरं." पेला खाली ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, "मॅडम, तुमचा दंड झाला. आता बसा तुम्ही. उन्हाचं काम आहे."

शुद्ध मराठी. सकाळपासून पोरी होते मी.

बसले नाही. दंड दिवसाचा होता, दिवस अर्धा झाला होता. विळा घेऊन दगडाळ टोकाकडे गेले आणि अक्कांच्या पट्ट्यात संध्याकाळपर्यंत कापलं. तिथे गवत खरंच थोडं आहे. दगडाला विळा लागला की ठिणगी उडते. अक्कांनी फोडांवर बांधायला चिंधी दिली. निघताना विळा नानांच्या सूनबाईंकडे परत दिला. नाना गाडी भरत होते, वळले नाहीत.

आतापर्यंत मला प्रश्न एवढाच वाटत होता : माझी चूक दुरुस्त करायची की नाही. तेवढाच असता तर सोपं होतं.


१४ नोव्हेंबर

शेऱ्याच्या रकान्यात अडीचशे अक्षरं मावतात. त्यापुढे कर्सर हलत नाही. चार मसुदे केले. शेवटचा :

"क्षेत्र पडीक नाही. गावाने नियमाने राखलेले कुरण. कापणीनंतर चराईस खुले, म्हणून एप्रिलमध्ये उघडे दिसते. दक्षिणेस पाच तुकडे जुन्या लागवडीखाली, सीमा स्वतंत्र दर्शवली आहे. १९ एप्रिलची माझी नोंद चुकीची होती."

‘अतिक्रमण’ लिहिलं नाही. ‘वावर’ लिहावंसं वाटलं, यादीत तोही शब्द नाही. ‘शेती’ आहे. तो वर्ग दिला. कुरणासाठी यादीबाहेर नवा वर्ग जोडला, कारणासह. आलेख, प्रतिमा, फोटो परिशिष्टात.

पप्पांना फोन केला नाही. विचारलं असतं त्यांनी काहीतरी.


१८ नोव्हेंबर

अहवाल सरांच्या टेबलावर सकाळी दहाला. साडेचारला बोलावलं.

"सोलरवाले नाराज होतील, ते समजू शकतो. पण तू गावालाही नाराज केलंयस. सरपंचांचा फोन होता. म्हणे हरकत आम्ही घेतली आणि मॅडमनी आमचंच कुरण कापलं. ही दक्षिणेची रेघ कोणाच्या सांगण्यावरून?"

"मोजणीवरून."

"कोणी सांगितलं नाही?"

"दोघांनी सांगितलं. एकानं काढ म्हणून, एकानं काढू नको म्हणून. मी मोजलं."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हे असं वर पाठवलं तर परत येईल. सीमा जागेवर दाखव. दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर, पंचनामा, दोघांच्या सह्या. सोमवारपर्यंत आणलंस तर तुझं जसंच्या तसं पाठवतो. नाही तर जुनी नोंद कायम."

"जुनी नोंद चुकीची आहे, असं मी लेखी दिलंय."

"म्हणूनच सोमवारपर्यंत थांबतोय."

मला कायम करायच्या कागदाबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

संध्याकाळी नानांना फोन केला. रविवारी सीमा दाखवायची आहे, याल का. "दखसू," एवढंच म्हणाले. म्हणजे बघू. येतो असंही नाही, येत नाही असंही नाही. अक्कांच्या मुलीनं फोन उचलला, आतून अक्कांचा आवाज : "सांग तिले, सकायपाशी उभी ऱ्हासू."


२४ नोव्हेंबर, रविवार. कुरणाच्या दक्षिण टोकाला

बांधावर बसून लिहितेय. अकरा वाजून वीस.

कुरण कापून झालंय. गुरं सोडलीत, पन्नासेक असतील. जवळपास एप्रिलमधल्यासारखंच दिसतंय सगळं. अनोळखी माणूस आला तर पडीकच म्हणेल.

नऊला पोचले. अक्का आणि बाकीची चार घरं आधीच होती. खुंट्या बाभळीच्या, त्यांनीच तासून आणल्या. नाना साडेनऊला आले, सोबत सरपंच आणि तीन माणसं. रामराम झाला. कोणाचा आवाज चढला नाही.

मी नकाशा पसरला, चार कोपऱ्यांना दगड. रेघ दाखवली. सांगितलं : या बाजूला कुरण, गावाचं, गावाच्या नियमानं. या बाजूला शेती, पाच तुकडे. रेघेच्या कुठल्याही बाजूला सोलर नाही. सह्या झाल्या तर दोन्ही राहतं. नाही झाल्या तर दोन्ही जातं. याहून सोपं मला सांगता येत नाही.

सरपंच म्हणाले, "म्हणजे तुम्ही आम्हाला धरून ठेवलंय मॅडम."

अक्का म्हणाल्या, "तुमले एकलासले नही. आम्हले बी."

त्यावर नानांच्या बाजूचा एक माणूस हसला.

नाना नकाशाकडे वाकून पाहत होते. बोट रेघेवरून चालवलं, पहिल्या खुंटीपासून शेवटच्यापर्यंत. मग त्याच बोटानं रेघेच्या खाली, वावरांवरून, एकदा फिरवलं. बाप राखायचा तेव्हाची कड असावी. विचारलं नाही.

पहिली खुंटी मी ठोकली. जीपीएसनं बिंदू पक्का. तिथून पुढे टेप लागतो, कारण आम्ही जागेवर मोजलं असं दोघांनाही दिसलं पाहिजे. टेप तीस मीटरचा. दोन टोकं, दोन माणसं. शून्याचं टोक अक्कांनी खुंटीला दाबून धरलं.

दुसरं टोक मी जमिनीवर ठेवलं, नानांच्या पायापासून हातभर. मी धरू शकले असते. सरपंचांनी "द्या इकडे" म्हणून हात पुढे केला, तेव्हा नानांनी त्यांना काठीनंच थांबवलं. मी धरलं तर ती ऑफिसची रेघ. सरपंचांनी धरलं तर पंचायतीची. कुरणात दोरी धरायचा मान राखणदाराचा. तो इथे धरायचा की नाही, ते नाना ठरवतायत.

पंचवीस मिनिटं झाली. एक म्हैस टेपवरून चालत गेली. नानांनी तंबाखू मळली, खाल्ली. गेले नाहीत. कमरेवर हात ठेवून वावरातल्या ज्वारीकडे बघतायत. कणसं भरलीयत, कापणीला आठ-दहा दिवस असतील.

अक्का अजून वाकलेल्याच आहेत. मघाशी मी म्हणाले, टोक सोडून बसा थोडं, मी आवाज देते. मान हलवली नुसती. सोडलं नाही.

पंचनाम्याचा कागद माझ्या वहीखाली आहे. दोन सह्यांच्या जागा. तारीख लिहून ठेवलीय.

नाना वाकतायत. चप्पल नीट करायला की टेपचं टोक –